ख्रिस्ती तारणविचाराचें त्रिविध वर्गीकरण : गुस्ताव्ह ऑलेन यांच्या ग्रंथाचें परीक्षण

स्वीडनमधील लुंद विद्यापीठांतील धर्मशास्त्राचे अध्यापक गुस्ताव्ह ऑलेन यांनीं १९३० सालीं उप्साला येथें जीं व्याख्यानें दिलीं, तीं त्याच वर्षीं स्वीडिश भाषेंत ग्रंथरूपानें निघालीं. व पुढल्याच वर्षीं ए. जी. हीबर्ट यांनीं केलेलें त्यांचें इंग्रजी भाषांतर 'क्रिस्तुस व्हिक्टर', म्हणजे 'विजयी ख्रिस्त', या नांवानें प्रसिद्ध झालें. ग्रंथ आकारानें लहान, पण त्याचा पगडा मोठा. पाश्चात्य ख्रिस्ती पंथांत तारण कसें घडतें म्हणून मानिलें गेलें, याचा इतिहास सांगूं लागणारा लेखक आजही ऑलेन यांच्या तीन कोठ्यांना वळसा घालून सहसा जात नाहीं. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत अशा ग्रंथाचें परीक्षण कशासाठीं, असें कोणी विचारील. ऑलेन यांनीं आपल्या विवेचनास ऐतिहासिक अभ्यास म्हटलें आहे. तेव्हां इतिहासाच्या कसोटीस तें लावून पाहणें हें वाचकाचें कामच होय. ख्रिस्ती मतांपैकीं कोणतें ग्राह्य व कोणतें त्याज्य हें ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं व तशी इच्छाही नाहीं. परंतु ज्याचें खंडन करावयाचें त्याचा पूर्वपक्ष नीट मांडला गेला आहे कीं नाहीं, एवढें पाहण्यास कोणत्याही पंथाची दीक्षा घ्यावी लागत नाहीं.

ऑलेन यांचें म्हणणें थोडक्यांत असें. पहिला विचार 'अभिजात' : पाप, मृत्यु व सैतान यांच्या बंदींत मनुष्यजात पडली आहे, देव स्वतः ख्रिस्तरूपानें रणांत उतरतो, या शत्रूंचा पाडाव करितो, व त्या कृतीनेंच जगाशीं आपला समेट घडवून आणतो. इरिनेयसपासून सुमारें हजार वर्षें हाच विचार प्रभावी होता. दुसरा 'लॅटिन' : मनुष्यानें देवाचा अपराध केला, त्याची भरपाई झाल्यावांचून क्षमा नाहीं, आणि ती भरपाई ख्रिस्त मनुष्य या नात्यानें देवास अर्पण करितो. याचें बीज तेर्तुलियन व सिप्रियन यांच्या प्रायश्चित्तविषयक लेखनांत, आणि पूर्ण रूप कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म याच्या 'कुर देउस होमो', म्हणजे 'देव मनुष्य कां झाला', या संवादग्रंथांत. तिसरा 'आत्मनिष्ठ' : पालट घडावयाचा तो मनुष्याच्या अंतःकरणांत, ख्रिस्ताचें प्रेम पाहून तें द्रवतें. हा विचार आबेलारपासून निघून एकोणिसाव्या शतकांतील उदारमतवादी पंडितांपर्यंत येतो. लूथरनें अभिजात विचाराचें पुनरुज्जीवन केलें, पण मेलांक्थोन व नंतरचे लूथरपंथी शास्त्री यांनीं तो टाकून पुन्हा लॅटिन वाट धरली, असा ऑलेन यांचा निष्कर्ष आहे.

या भेदाचें मर्म ते एका सूत्रांत सांगतात. अभिजात विचारांत देवाचें कार्य आरंभापासून शेवटपर्यंत अखंड, आणि कायद्याचा क्रम मात्र खंडित. लॅटिन विचारांत कायद्याचा क्रम अखंड, पण देवाचें कार्य मध्येंच खंडित, कारण भरपाई खालून वर, मनुष्याकडून देवाकडे, जाते. सूत्र सुटसुटीत आहे. मात्र सूत्र जितकें सुटसुटीत, तितकें त्यांतून काय गळलें हें अधिक बारकाईनें पाहावें, ही संवय आम्हांस व्याकरणानें लावली आहे.

प्रथम ग्रंथाचा गुण सांगितला पाहिजे, आणि तो लहान नाहीं. ऑलेन यांच्यापूर्वीं या इतिहासाची मांडणी बहुधा आन्सेल्म विरुद्ध आबेलार अशी होई. त्या दोघांच्या आधींच्या हजार वर्षांतील लेखन म्हणजे बाल्यावस्थेंतील ओबडधोबड पुराण, असें समजून तें बाजूस सारलें जाई. निस्साचा ग्रेगरी याची एक कल्पना प्रसिद्ध आहे : ख्रिस्ताचें मनुष्यत्व हें आमिष, त्याखालीं दडलेलें देवत्व हा गळ, आणि तो गिळून फसणारा मासा म्हणजे सैतान. हिला पाहून पंडित नाक मुरडीत. ऑलेन यांनीं दाखविलें कीं चित्र कितीही रांगडें असलें तरी त्यामागील विचार प्रौढ आहे : दुष्ट सत्ता आपल्याच लोभानें आपला नाश ओढवून घेते. तसेंच इरिनेयस. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत लियों येथें बिशप असलेल्या या लेखकानें आदामानें जें बिघडविलें तें ख्रिस्त जन्मापासून मरणापर्यंत पायरीपायरीनें पुन्हा जगून सावरतो, असें प्रतिपादन केलें आहे. त्याला त्याची योग्य जागा परत मिळवून देण्यांत ऑलेन यांचा वांटा मोठा आहे.

परंतु 'अभिजात' या एका नांवाखालीं जे गोळा केले आहेत ते सारे एकमुखानें बोलतात काय? मार्कच्या शुभवर्तमानांत ख्रिस्त आपला प्राण पुष्कळांसाठीं 'लुत्रोन' म्हणून देतो असें आहे. 'लुत्रोन' म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडविण्यासाठीं मोजावयाचें द्रव्य. मराठी बायबलांत याला 'खंडणी' हा शब्द घातलेला आहे. या त्रैमासिकाच्या वाचकांस खंडणी म्हणजे काय तें सांगावयास नको. मुलूख किंवा पेठ लुटूं नये म्हणून चालून आलेल्या फौजेस जी रक्कम ठरवून द्यावयाची ती खंडणी. आणि ती चुकती होईपर्यंत ओलीस द्यावे लागत. खंडणी घेणारा हा नेहमीं दाराशीं फौज घेऊन उभा असलेला पुरुष असतो. म्हणजे मराठी भाषांतरकारानें, बहुधा नकळत, निस्साच्या ग्रेगरीचाच पक्ष उचलला. कारण दाराशीं उभा आहे तो सैतान! पण त्याच काळांतला, त्याच प्रांतांतला व त्याच ग्रेगरीचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी नेमका हाच प्रश्न उपस्थित करितो : ही रक्कम पोंचली कोणाला? दरोडेखोराला देवाचें मोल द्यावें ही कल्पनाच त्याला असह्य वाटते. पण पित्यानें ती मागितली असेंही त्याला म्हणवत नाहीं. अथानासियस तर याहून वेगळ्या वाटेनें जातो. देवानें मृत्यूची शिक्षा एकदां उच्चारली, ती खोटी पडतां कामा नये, म्हणून नुसता पश्चात्ताप पुरत नाहीं. सर्वांचें देणें ख्रिस्ताच्या मरणानें फिटलें पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद आहे. येथें कायद्याचा क्रम खंडित होतो असें कसें म्हणावें? ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या चौथ्या शतकांतल्या पंडिताच्या लेखांत हा 'लॅटिन' धागा आधींच विणलेला आहे. प्रतिमा गौण, मूळ सूत्र मुख्य, असें उत्तर ऑलेन यांच्या बाजूनें देतां येईल. पण मग देणें व शिक्षा या शब्दांना ग्रीकांच्या बाबतींत प्रतिमा म्हणावयाचें आणि लॅटिनांच्या बाबतींत सिद्धांत म्हणावयाचें, याला आधार काय?

आतां आन्सेल्म. ग्रंथाचा सर्वांत दुबळा भाग आमच्या मतें हाच, म्हणून येथें थोडें थांबतों. आन्सेल्म हा १०३३ सालीं आल्प्सच्या पायथ्याशीं आओस्ता येथें जन्मला, नॉर्मंडींतील बेक येथील मठाचा अधिपति झाला, व १०९३ सालीं इंग्लंडांत आर्चबिशप झाला. राजाशीं बिनसल्यामुळें तो देशाबाहेर पडला, आणि कापुआजवळील एका खेड्यांत १०९८ सालीं त्यानें हा ग्रंथ पुरा केला. बोसो नांवाचा शिष्य शंका काढतो व गुरु समाधान करितो, अशी त्याची रचना आहे. शिष्य भोळा नाहीं. सैतानाला मनुष्यावर कांहीं न्याय्य हक्क होता, ही जुनी समजूत प्रथम तोच खोडून काढतो : चोर व चोरलेला गुलाम दोघेही एकाच धन्याचे, त्यांत चोराचा हक्क कसला?

मग पापाची व्याख्या येते : देवाचें जें देणें तें त्याला न देणें म्हणजे पाप. ऋणाच्या भाषेंत धर्म सांगण्याची आपल्याला संवय आहे. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊनच ब्राह्मण जन्मतो हें वचन सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळें आन्सेल्मचा आरंभ आपल्या वाचकांस मुळींच परका वाटणार नाहीं. परका वाटेल तो पुढला भाग. हें देणें चुकल्यामुळें देवाचा जो मान भंगला, तो मूळ देण्याहून अधिक कांहीं दिल्यावांचून भरून येत नाहीं. आणि मनुष्यापाशीं तर अधिक असें कांहींच उरलेलें नाहीं, कारण जें आहे तें सारें आधींच देणें लागतें. पापाचें वजन किती, हें समजावून देण्यासाठीं आन्सेल्म एक विलक्षण उदाहरण घेतो. देवानें 'तिकडे पाहूं नकोस' म्हटलें असतां नुसता एक दृष्टिक्षेप करावा काय? सारें जग नाशापासून वांचत असलें तरी करूं नये, असें बोसोला अखेर कबूल करावें लागतें. देणें लागतो मनुष्य, फेडूं शकतो एकटा देव. म्हणून फेडणारा देवही असला पाहिजे व मनुष्यही असला पाहिजे.

हा युक्तिवाद समोर ठेवला म्हणजे ऑलेन यांच्या सूत्राचा पाया डळमळतो. ते म्हणतात कीं भरपाई ख्रिस्त केवळ मनुष्य म्हणून देतो, म्हणून देवाचें कार्य येथें तुटतें. पण केवळ मनुष्याला ती देतां येत नाहीं, हेंच तर आन्सेल्मच्या साऱ्या ग्रंथाचें प्रतिपाद्य! देवपण बाजूला काढलें कीं त्या अर्पणाला किंमतच राहत नाहीं. शिवाय देव हें कां करितो, याचें आन्सेल्मनें दिलेलें कारण हिशेबाचें नाहीं; मनुष्याला निर्माण करण्यांतील देवाचा हेतु विफल होऊं नये आणि सृष्टीच्या रचनेंतील सौंदर्य व सुसंगति बिघडूं नये, हें आहे. ग्रंथाच्या शेवटीं ज्या दयेपासून आरंभीं फारकत झालीशी वाटली तीच दया न्यायाशीं पूर्ण जुळलेली दिसते. यांत खंड कोठें पडला?

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. लॅटिन या एका कोठ्यांत ऑलेन यांनीं आन्सेल्म व सतराव्या शतकांतील प्रॉटेस्टंट शास्त्री यांना एकत्र बसविलें आहे. वस्तुतः आन्सेल्मचा सगळा विचार एका विकल्पावर उभा आहे : एक तर भरपाई, नाहीं तर शिक्षा. ख्रिस्तानें भरपाई केली म्हणूनच शिक्षा टळली. आमच्या वांट्याची शिक्षाच ख्रिस्तानें भोगली, हें मत आन्सेल्मचें नव्हे. तें कॅल्व्हिनच्या ग्रंथांत ठसठशीतपणें दिसतें व त्याच्यामागून रूढ होतें. धर्मशास्त्र वाचलेल्यास हा भेद चटकन् लक्षांत येईल. प्रायश्चित्त वेगळें व राजदंड वेगळा. प्रायश्चित्त कर्त्यानें स्वतःहून करावयाचें. दंड दुसऱ्यानें लादावयाचा. राजदंड भोगलेला पापी पुण्यवंतासारखा शुद्ध होऊन स्वर्गास जातो असें मनूनें आठव्या अध्यायांत म्हटलें आहे, म्हणजे दोहोंचें फल एक होऊं शकतें. पण म्हणून निबंधकारांनीं दोन्ही प्रकरणें एकत्र केलीं नाहींत. आन्सेल्मच्या माथीं दंडाचें मत मारणें म्हणजे प्रायश्चित्तकांडाचा दोष व्यवहारकांडावर ढकलण्यासारखें आहे.

ऑलेन यांची एक तक्रार मात्र आम्हांस मान्य आहे. आन्सेल्मच्या ग्रंथांत पुनरुत्थानाला जवळजवळ कांहींच काम नाहीं. मरण झालें कीं हिशेब पुरा. ज्याला कांहीं नको आहे त्या पुत्राला मिळणारें पारितोषिक मनुष्यांच्या नांवें जमा होतें. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक ज्या घटनेचा जयघोष करीत होते ती येथें केवळ मागाहून कळलेली वार्ता होते. हें ऑलेन यांच्या कानानें बरोबर टिपलें.

मध्ययुगाविषयीं दोन साक्षी पुरेत. आबेलारनें पौलाच्या रोमकरांस पत्रावरील टीकेंत सैतानाचा हक्क नाकारला व प्रेमाची गोष्ट सांगितली, हें खरें. पण त्याच टीकेंत पुढें ख्रिस्तानें आमच्या पापांची शिक्षा सोसली असेंही तो लिहितो. तेव्हां केवळ आत्मनिष्ठ म्हणून त्याला वेगळा काढणें कठीण. आणि त्याच्यावर सुमारें ११४० सालीं सांस येथील सभेंत तुटून पडणारा क्लेर्व्होचा बर्नार्ड कशाचा कैवार घेतो? सैतानाच्या मनुष्यावरील सत्तेचा व तिच्यापासून झालेल्या सुटकेचा! आन्सेल्मच्या ग्रंथास चाळीस वर्षें लोटल्यावर पश्चिमेंतला सर्वांत वजनदार साधु हा जुनाच पक्ष मांडीत आहे. दुसरी साक्ष पेत्रुस लोंबार्दुसची. बाराव्या शतकाच्या मध्यास त्यानें रचलेल्या 'सेंतेंतिया' या संग्रहावर भाष्य लिहिल्याखेरीज पुढें तीनशें वर्षें विद्यापीठांत कोणी शास्त्री म्हणवून घेऊं शकत नसे. तरुण लूथरनेंही त्यावर प्रवचनें केलीं. त्याच्या तिसऱ्या भागांत क्रूस म्हणजे सैतानासाठीं लावलेला उंदराचा सांपळा व रक्त हें त्यांतील आमिष, ही ऑगस्टीनपासून आलेली उपमा जशीच्या तशी आहे. पाठ्यग्रंथांत जी उपमा नांदते तिला अवशेष म्हणतां येत नाहीं.

लूथरविषयीं आम्ही थोडक्यांत लिहितों, कारण हा भाग जर्मन अभ्यासकांनीं पूर्वींच तपासला आहे. गलतीकरांस पत्रावरील १५३५ च्या भाष्यांत ख्रिस्त जुलमी सत्तांशीं झुंजतो, हें ऑलेन दाखवितात तें यथार्थ आहे. पण त्याच भाष्यांत तिसऱ्या अध्यायांतील शापाच्या वचनावर लूथर असें प्रतिपादितो कीं सर्वांचीं पापें अंगावर घेऊन ख्रिस्त सर्वांत मोठा पापी ठरला व तो शाप त्यानें भोगला. झुंज आणि भोग या दोन गोष्टी लूथर एकाच श्वासांत बोलतो. पॉल आल्टहाउस यांनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच आक्षेप घेऊन, देवाचा क्रोध शमणें हें लूथरच्या विचाराचें अंग काढून टाकतां येत नाहीं, असें दाखविलें. गुरूला एका कोठ्यांत व शिष्य मेलांक्थोन याला दुसऱ्या कोठ्यांत घालावयाचें तर गुरूचीं अर्धीं वाक्यें गाळावीं लागतात.

आतां जें ग्रंथांत जवळजवळ आलेंच नाहीं त्याविषयीं. पश्चिमेंत तारणाचा वाद पेटला तो ख्रिस्तानें काय केलें यावर फारसा नव्हे, तर तें मनुष्याला लागू कसें पडतें यावर. आणि या वादाचीं मुळें पुष्कळ अंशीं व्याकरणांत आहेत. रोमकरांस पत्राच्या पांचव्या अध्यायांत, मृत्यु सर्वांपर्यंत पोंचला असें म्हटल्यावर 'एफ् हो' हे दोन ग्रीक शब्द येतात व 'सर्वांनीं पाप केलें' असें पुढें आहे. त्यांचा सरळ अर्थ 'यस्मात्', म्हणजे ज्या अर्थीं. लॅटिन भाषांतरांत 'इन् क्वो', 'यस्मिन्', असें झालें. आणि ऑगस्टीननें 'यस्मिन्' म्हणजे आदामाच्या ठायीं, असें घेतलें. 'ज्या पापाच्या ठायीं' असा अन्वय कां नको, याचेंही त्यानें उत्तर दिलें आहे : ग्रीक भाषेंत पापवाचक शब्द स्त्रीलिंगी आहे, सर्वनाम तसें नाहीं. लिंगविचार बिनचूक, पण विभक्तीचा अर्थच निसटला! सर्व मनुष्यें आदामाच्या ठायीं पापी झालीं, या मताला दुसरेही आधार होते. तरी पेलाजियसच्या विरुद्ध हें वचन मोठें शस्त्र ठरलें, आणि सोळाव्या शतकांत इरास्मुसनें त्याची धार बोथट केली तेव्हां मोठा गहजब झाला.

दुसरा शब्द याहून महत्त्वाचा. ग्रीक 'दिकायून' म्हणजे न्यायसभेंत निर्दोष ठरविणें. लॅटिन 'युस्तिफिकारे' यांत 'फाकेरे', करणें, हा धातु आहे. संस्कृतज्ञांसाठीं सांगावयाचें तर पहिला 'शुद्धं मन्यते' आणि दुसरा 'शुद्धीकरोति'. दुसऱ्यांत च्वि-प्रत्ययाचा अर्थ, अभूततद्भाव, आपोआप येतो : जो तसा नव्हता तो तसा होतो. लूथर व मेलांक्थोन यांनीं ठरविण्याचा अर्थ उचलून धरला; त्रेंत येथील सभेनें १३ जानेवारी १५४७ रोजीं दिलेल्या निर्णयांत क्षमेबरोबरच अंतःकरणाचें नवीकरण त्या शब्दांत अंतर्भूत असल्याचें सांगितलें. मराठी बायबलांत 'नीतिमान ठरविणें' असा प्रयोग आहे. वाचकाला तो साधा वाटतो. परंतु 'ठरविणें' म्हणतांच चारशें वर्षांच्या भांडणांत एक बाजू घेतली गेली.

ऑलेन यांचा ग्रंथ निघाला त्याच १९३० सालीं रुदोल्फ ओत्तो यांनीं भारतांतील भक्तिमार्ग व ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, व त्यांत रामानुजीयांच्या मर्कटन्यायाचा व मार्जारन्यायाचा विचार आहे. माकडाचें पिलूं आईला धरतें, मांजरीचें पिलूं आई उचलते. यावरून रोमन कॅथॉलिक म्हणजे वानर व प्रॉटेस्टंट म्हणजे मार्जार, अशी वांटणी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्रेंत येथील त्याच निर्णयाचा पहिलाच नियम कृपेवांचून केवळ स्वतःच्या कर्मानें मनुष्य शुद्ध होतो म्हणणाऱ्यास बहिष्कृत करितो. आरंभ आईनेंच करावयाचा, इतकें दोघांसही मान्य होतें. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं आउग्सबुर्ग येथें लूथरपंथी महासंघ व रोम यांनीं संयुक्त घोषणेवर सह्या केल्या व या बाबतींतील मूलभूत सत्यांवर एकमत जाहीर केलें. २००६ सालीं मेथडिस्ट व २०१७ सालीं कॅल्व्हिनच्या परंपरेंतील चर्चसंघ त्यांत सामील झाले. ज्या वादांत युरोप दुभंगला त्याचे दोन पक्ष असे एका कागदावर आले, याचा उलगडा ऑलेन यांच्या तीन कोठ्यांतून होत नाहीं.

ऑलेन यांची पद्धति लुंद येथील पंडितांत रूढ झालेली आहे : प्रत्येक मताचें एक बीजसूत्र शोधावयाचें व त्यावरून मतांची वर्गवारी करावयाची. अँडर्स नीग्रेन यांनीं प्रेमाच्या कल्पनेसंबंधीं तेंच केलें. शाळेंत समास शिकवीत असतां आम्ही पाहिलें आहे कीं कांहीं हुषार विद्यार्थी समासाचें नांव आधीं ठरवितात आणि विग्रह मागाहून त्यास जुळवून घेतात. बहुव्रीहि म्हणून एकदां लिहिलें कीं मग शब्द काय म्हणतो याकडे लक्ष राहत नाहीं. असे विद्यार्थी बहुधा वर्गांतले चांगलेच असतात, म्हणून त्यांची चूक दाखवितांना जड जातें. ज्यास या ग्रंथाचा उपयोग करून घ्यावयाचा असेल त्यानें प्रथम आन्सेल्मचा संवाद वाचावा. तो फार मोठा नाहीं. मग ऑलेन यांचें आन्सेल्मवरील प्रकरण उघडावें, आणि बोसोच्या शंकांपैकीं किती तेथें उतरल्या आहेत त्या मोजाव्या.